स्लोला न थांबणारी गाडी

पूर्णिमाबाई ठेवणीतलं इरकल नेसून बाहेर आल्या, तेव्हा अंगणात जुन्या वर्तमानपत्रावर मोटारसायकलचा कार्बोरेटर सुटा होऊन पडला होता आणि त्याच्यासमोर त्यांचे यजमान आदगोंडा मगदूम बनियनवर उकिडवे बसले होते.

"अवो, हे काय आणि?"

"साफ कराय लागलोय."

"काल तर गाडी बरी होती की!"

"बरी होती, पण स्लोला जरा अडखळत होती. गुंडाप्पांच्या दारात उभी राहिली की कशी वाजली पायजे? टकटकटक. घड्याळागत."

मूठ न पिळता, उभ्या गाडीचं इंजिन आपलं आपण चालू राहतं, त्याला निपाणीत लहानथोर सगळे 'स्लो' म्हणतात. आदगोंडांच्या गाडीचा स्लो हा त्यांच्या घराण्याच्या अब्रूचा विषय होऊन बसला होता. हायस्कुलात हेडक्लार्क असलेल्या या गृहस्थांनी मुलगी रूपाली जन्मली त्या वर्षी ही गाडी घेतली आणि तेव्हापासून तिला मेकॅनिकचा हात म्हणून लागू दिला नाही. आपला हात जगन्नाथ! रूपालीला बघायला चिकोडीकडचे गुंडाप्पा आले, तेव्हा पोहे खाता खाता आदगोंडांनी हे त्यांना ऐकवलं होतं. गुंडाप्पांनी अंगणात जाऊन गाडीला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "गाडीला जो माणूस एवढा जपतोय, त्यानं पोरगी कशी वाढवली असंल हे इचारायचंच कशाला?"

तिथंच अर्धं लग्न जमलं. उरलेलं अर्धं रूपालीनं जमवलं. आजवरच्या प्रत्येक स्थळाला नाक मुरडणारी ही मुलगी गुंडाप्पांच्या मुलाला, वृषभला बघून पहिल्यांदाच गप्प बसली होती आणि त्या दिवशी तिनं चहात दोनदा साखर घातली होती. आज आदगोंडा आणि पूर्णिमाबाईंनी चिकोडीच्या अलीकडच्या गुंडाप्पांच्या गावी जाऊन जेवायचं आणि साखरपुड्याची तारीख ठरवून यायचं, असं बोलणं झालं होतं. दोन्ही घरं जैन, दोन्ही घरं नेमाची. दिवस बुडला की घासाला हात लावायचा नाही. त्यात थंडीचे दिवस, सूर्याला घरी जायची घाई. त्यामुळे ऊन उतरायच्या आत पानावर बसायचं ठरलं होतं.

"पप्पा, भाड्याची गाडी सांगू काय?" रूपालीनं दारातून विचारलं.

"भाड्याची? आणि गुंडाप्पांनी इचारलं, तुमची कुठाय, तर?"

आदगोंडांनी पूर्णिमाबाईंच्या जुन्या झंपरच्या चिंधीनं एकेक भाग पुसला, स्लोला पेट्रोल पुरवणाऱ्या बारक्या नळीत, म्हणजे जेटमध्ये, फुंकर मारली, सगळं जागच्या जागी बसवलं. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. "बगा!" असं म्हणून त्यांनी मूठ सोडली आणि गाडीनं मान टाकली.

पुन्हा किक, पुन्हा तेच. मूठ पिळली की गाडी डरकाळ्या फोडायची, सोडली की गप्प. चोक ओढला तर चालायची, पण धूर असा काढायची की शेजारच्या मालुबाईंनी वाळवणाचे कपडे आत नेले. स्लोचा स्क्रू आत फिरवला, बाहेर फिरवला, हवेचा स्क्रू बाहेर फिरवला, आत फिरवला. शेवटी कुठला स्क्रू मुळात कुठं होता हेच आठवेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. यातच दुपार झाली आणि फोन वाजला.

"निघालासा काय?" पलीकडून गुंडाप्पा.

"कवाच! आलोच बगा!" आदगोंडा म्हणाले. त्यांच्या अंगात अजून बनियनच होतं.

पूर्णिमाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "खरं सांगायला काय झालतं? गाडी बिघडलीया, उशीर हुतोय, म्हणायचं. जेवून घेतील ती बिचारी."

"व्याह्याला पयल्याच दिवशी सांगू, की मीच बिघडवली म्हणून?"

"मग तुमच्या बोलण्यावर ती उपाशी बसतील त्याचं काय? पाव्हणा पानावर बसल्याबिगर घरातलं कोण जेवतंय?"

"तोवर पोचतोय की. एकच करायचं. मूठ सोडायची न्हाय."

असा निश्चय करून ते निघाले. चालत्या गाडीला स्लो लागत नाही, हा त्यांचा हिशेब बरोबर होता. फक्त रस्त्यावर दुसरंही कुणी असू शकतं, हे त्यांनी धरलं नव्हतं. गावाबाहेर पडले न पडले तोच पुढे उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या आणि वळणावर तो मध्येच उभा. आदगोंडा त्याच्या मागे थांबले आणि गाडी बंद पडू नये म्हणून मूठ पिळत राहिले. घुर्रर्र! घुर्रर्र! ट्रॅक्टरवाल्यानं मान वळवली.

"काय ओ काका, शर्यत लावायची काय?"

"न्हाय न्हाय, चालू द्या तुमचं."

घुर्रर्र!

"अवो, मग गुरगुरायलायसा कशाला? मागं वैनी बसल्यात, जरा वयाचा इचार करा की!"

वैनींनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. ट्रॅक्टर हलला, पण त्या आवाजाच्या नादात क्लच कमी-जास्त झाला आणि गाडीनं तिथंच जीव सोडला. मग किका. मग ढकलणं. इरकलीतली बाई मागून मोटारसायकल ढकलतेय हे दृश्य बघायला ऊस तोडणाऱ्यांची पूर्ण टोळी थांबली. पुन्हा फोन.

"कुठंवर आलायसा? पानं मांडलीत आम्ही."

"हे काय, आलोच! तुमच्याच रस्त्याला हाय."

हे एका परीनं खरंच होतं. निपाणीतून निघालेला रस्ता त्यांच्याच गावाला जातो.

अर्ध्या वाटेवर गाडी अशी बंद पडली की ढकलूनही दाद देईना. कार्बोरेटर पुन्हा उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आजूबाजूला शाळू, हरभरा आणि ऊस. सावलीला जागा एकच. रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक शेड आणि तिच्यावर हातभर अक्षरांत पाटी: 'घरगुती मटण भाकरी'.

पूर्णिमाबाईंनी पाटी वाचली आणि उन्हातच उभ्या राहिल्या. "मी हितंच बरी."

"अगं, बाकड्यावर बसायचंय फकस्त. खायाला कोण सांगतंय?"

खानावळीचा मालक भावकू नावाचा माणूस मोठा अगत्याचा. तो बाहेर आला, त्यानं गाडी ढकलून मागच्या बाजूला ताडपत्रीच्या आडोशाला लावली, बाकडं पुसून दिलं, वैनींना हंड्यातलं नको असेल म्हणून न फोडलेली पाण्याची बाटली आणून दिली. आदगोंडांनी कार्बोरेटर काढून बाकड्यासमोरच्या टेबलावर आणला. पण टेबलाला ही भोकं. एखादा स्क्रू खाली मातीत गेला तर सगळाच कारभार आटोपला असता.

"एखादं भांडं मिळंल काय? हे स्क्रू ठेवायला?"

"भांडं कशाला, ताट घ्या की," म्हणून भावकूनं स्टीलचं ताट पुढ्यात ठेवलं. वर एक वाटीही ठेवली. वाटीत आदगोंडांनी पेट्रोल घेतलं, ताटात स्क्रू आणि जेट मांडले आणि मान खाली घालून पाची बोटांनी एकेक उचलून वाटीत बुडवू लागले. मध्येच जेट तोंडाशी नेऊन फुंकर मारत. पूर्णिमाबाई शेजारी पाण्याची बाटली हातात धरून बसल्या होत्या.

एवढ्यात निपाणीकडून बस आली. खड्डा होता म्हणून खानावळीसमोर हळू झाली. खिडकीत एक ओळखीचा चेहरा होता. कागलच्या कारखान्यात इंजिनिअर असलेला वृषभ, घरी पाहुणे यायचे म्हणून लवकर सुटून चालला होता. त्यानं आधी पाटी बघितली, मग ताट बघितलं, मग ताटावर वाकलेले आदगोंडा बघितले. पूर्णिमाबाईंची आणि त्याची नजरानजर झाली आणि त्यांनी मेल्याहून मेल्यासारखं होऊन झटकन तोंडावर पदर घेतला. बस पुढे गेली.

"अवो! जावई हुता की ओ त्यो!"

आदगोंडांनी दचकून मागं, ताडपत्रीकडे बघितलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"सुटलो! गाडी आडोशाला हाय. त्याला गाडी काय दिसली न्हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे गाडी बिघडलीया हे त्याला कळलं न्हाय. फकस्त आपण दोघं दिसलो."

आणि समाधानानं त्यांनी पुढचा स्क्रू वाटीत बुडवला. पूर्णिमाबाईंना त्या समाधानात काहीतरी मोठी खोट आहे असं वाटत होतं, पण सकाळपासून पोटात काही नसल्यामुळे ती खोट नेमकी कुठं आहे हे त्यांना सापडेना.

एक मात्र झालं. त्यानंतर गुंडाप्पांचा फोन आला नाही.

"बघ," आदगोंडा गाडी जोडता जोडता म्हणाले, "एकदा आलोच म्हणून सांगितलं की माणसं इश्वास ठेवतात. निवांत असतील."

गाडी सुरू झाली, पण स्लो काही धरेना. शेवटी त्यांनी स्लोचा स्क्रू फिरेल तेवढा फिरवला, मूठ पिळूनच ठेवली आणि सूर्याशी पैज लावल्यासारखे सुटले. सूर्य जिंकला. चिकोडीच्या अलीकडे आभाळ लाल झालं, मग जांभळं झालं, आणि पूर्णिमाबाई मागून अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "बुडला बगा दिवस."

आदगोंडांना त्या क्षणी रस्ता संपूच नये असं वाटलं. त्यांच्या डोळ्यांसमोर गुंडाप्पांचं घर उभं राहिलं. मांडलेली पानं, निवलेल्या पुरणपोळ्या, त्यावर झाकण, आणि भिंतीला टेकून बसलेली ब्राह्मीआज्जी. ऐंशीच्या पुढची ती म्हातारी, गुंडाप्पांची आई, आपल्या एका 'आलोच'पायी आता उद्या सकाळपर्यंत उपाशी! एवढी लाज त्यांना उभ्या जन्मात कधी वाटली नव्हती. शाळेत साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं होतं तेव्हाही नाही. परत फिरावं असंही मनात आलं, पण परत फिरायला गाडी थांबवून वळवावी लागली असती.

गुंडाप्पांच्या दारासमोर गटारीची उंच फरशी होती. गाडी तिच्यावरून अशी आदळली की दोघांचेही दात वाजले. आणि त्या दणक्यानं, जेटमध्ये अडकलेला झंपरचा दोरा असेल किंवा कचरा असेल, जे काही होतं ते सुटलं. स्लोचा स्क्रू पुरता चढवलेला असल्यामुळे गाडी एकदम विमानासारखी किंचाळली. आदगोंडांनी घाईघाईनं स्क्रू उतरवला. किंचाळी उतरत उतरत खाली आली आणि टकटकटक, टकटकटक, अगदी घड्याळासारखी गाडी स्लोला उभी राहिली. मूठ सुटली होती तरी.

गुंडाप्पा दारात आले. थोडा वेळ त्यांनी आवाज ऐकला.

"गाडी झकास हाय की तुमची."

"परक्याचा हात न्हाय," आदगोंडांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. दुसऱ्याच क्षणी त्यांच्या ध्यानात आलं, की उशीर का झाला याला आता जगात कुठलंही कारण उरलेलं नाही.

आत सोप्यावर ब्राह्मीआज्जी बसली होती. वृषभ कोपऱ्यात मोबाइलमध्ये तोंड घालून उभा होता. पानं मांडलेली नव्हती, आणि उपाशी घरात असतो तसा कुणाचा चेहराही नव्हता. पण आदगोंडांची मान वर होती कुठं हे बघायला! आज्जीच्या पाया पडायला ते वाकले. मराठी तिला चांगलं यायचं, पण विचारपूस तोंडातून कन्नडमध्येच निघायची. पाया पडणाऱ्याला आशीर्वादाआधी तिनं विचारलं,

"ऊट आतेन्री?"

आता हा काही प्रश्न नव्हे. जेवण झालं का, असा त्याचा शब्दशः अर्थ खरा, पण या भागात माणूस भेटला की तोंडातून निघतं ते हेच. त्याचं उत्तरही ठरलेलं असतं, 'आत्री'. म्हणजे झालं. उपाशी माणूसही 'आत्री' म्हणतो, जेवून उठलेलाही म्हणतो, आणि विचारणारा उत्तर ऐकायला थांबतही नाही. आदगोंडांनी जन्मभर दिलं तेच उत्तर दिलं.

"आत्री, आत्री!"

नेमकी आज विचारणारी थांबली होती. खोलीत एकदम शांतता पसरली. आदगोंडांना वाटलं, ही शांतता उपाशीपणाची. निदान आपली तरी काळजी यांना नको, म्हणून त्यांनी त्यात भर घातली. "आमची कायबी काळजी करू नका. आमचं वाटेतच झालंय. पोट भरून."

"वाटेत," गुंडाप्पा म्हणाले.

"व्हय की. माणूस लई अगत्याचा हो! ताट काय, वाटी काय."

वृषभला ठसका लागला. पूर्णिमाबाईंना दुपारपासून न सापडलेली खोट या क्षणी लख्ख सापडली. त्या खांबाला धरून म्हणाल्या, "अवो, गप्प बसा!"

गुंडाप्पा खाली बघत म्हणाले, "आदगोंडा, लपवून काय उपेग? पोरानं बसमधनं बघितलंय तुमाला. पाटीबी वाचलीया. तुमी काय खावं हा तुमचा प्रश्न. पर आमच्या घरात ते चालायचं न्हाय."

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं म्हणायचीही आदगोंडांना शुद्ध राहिली नाही. रूपालीची दोनदा साखर पडलेली चहाची कपबशी मात्र डोळ्यांपुढे आली. इतका वेळ गाडीची अब्रू झाकण्यात पोरीचं लग्न मोडायची वेळ आली होती.

"खोटं हाय ते!" ते ओरडले. "म्हंजे, मी खोटं बोललो. ताटात स्क्रू हुते हो! गाडी बिघडली हुती. मीच बिघडवली सकाळी, कार्बोरेटर उघडून. स्लोच धरत नव्हती."

सगळ्यांनी कान दिले. दारात गाडी चालूच होती. टकटकटक, टकटकटक.

"ही?" गुंडाप्पांनी विचारलं.

"हीच! आता धराय लागलीया, पर दिवसभर न्हवती धरत. थांबा, दाखवतो." आदगोंडा धावत बाहेर गेले. मूठ पिळली, सोडली. गाडी टकटकटक. चोक ओढला, सोडला. टकटकटक. वीसेक वर्षं ही गाडी बंद पडू नये म्हणून जपणारा तो माणूस, ती एकदा तरी बंद पडावी म्हणून भर दारात तिच्यापुढं हात जोडून उभा राहिला. "मर की गं! एकदा मर!" गाडीनं त्या दिवशी मरायचं नाही असं ठरवलं होतं. शेजारपाजारचे लोक ओट्यावर येऊन बघू लागले. गुंडाप्पांनी खाली मान घालून आतली वाट धरली.

मग पूर्णिमाबाई बोलल्या. त्यांच्या आवाजात रडू होतं आणि रागही होता. "आज्जी, सकाळपासनं पोटात कण न्हाय माझ्या. ह्या इरकलीवर गाडी ढकललीया मी. उसाची टोळी हसत हुती मला. मटण खायाला गेलो असतो तर ढकलत कशाला गेलो असतो?"

ब्राह्मीआज्जीनं आदगोंडांना आत बोलावलं आणि त्यांचा हात ओढून नाकाशी नेला. लगेच तोंड फिरवून खोकली.

"पेट्रोल!" ती म्हणाली. "ह्या हातानं मटण खाल्लं असतं, तर माणूस हितवर आला नसता."

सगळ्यांना हसू आलं, पण आदगोंडांना ते हसू सोसेना. ते गुंडाप्पांपुढे हात जोडून उभे राहिले. डोळे भरून आले होते. "मटणाचं सोडा, पर चूक माझीच. आलोच आलोच म्हणून तुमाला थांबवलं. लाजंपायी खरं बोललो न्हाय. माझ्यापायी एवढी म्हातारी माणसं उपाशी ऱ्हायली."

गुंडाप्पांनी वृषभकडे बघितलं. वृषभ पुन्हा मोबाइलमध्ये शिरला. आतल्या दाराशी उभ्या असलेल्या गुंडाप्पांच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. गुंडाप्पांचा गोरा चेहरा हळूहळू लाल होत कानांपर्यंत गेला.

"कोण उपाशी?" ब्राह्मीआज्जी म्हणाली. "पोरगं येऊन म्हटलं, तिकडं पाव्हणं मटण खायाला बसल्यात. हा गुंडाप्पा म्हटला, त्यांची वाट कशाला बघायची, वाढा! उन्हं हुती तवाच जेवलो की आमी सगळी. मी दोन पोळ्या खाल्ल्या. ह्यानं पाच."

"अव्वा!" गुंडाप्पा कळवळून म्हणाले.

"बरं, चार."

पाहुण्याच्या आधी जेवलेला यजमान आणि यजमानाला ताटकळत ठेवलेला पाहुणा एकमेकांसमोर उभे होते, आणि दोघांनाही वर बघवत नव्हतं. शेवटी गुंडाप्पांनीच आदगोंडांचे जोडलेले हात, पेट्रोलसकट, आपल्या हातात घेतले.

"तारीख तुमीच सांगा आता," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तुमी म्हणशीला ती. मला काय बोलायला तोंड ऱ्हायलं न्हाय."

"मला तरी कुठाय?" आदगोंडा म्हणाले.

दोन्ही बापांना तोंड नसल्यामुळे सगळ्यांनी पूर्णिमाबाईंकडे बघितलं. त्या खांबाला टेकून खाली बसल्या होत्या. आतून पुरणपोळीचा वास येत होता आणि दिवस केव्हाच बुडला होता.

"तारीख कुठलीबी धरा," त्या म्हणाल्या, "जेवण तेवढं सकाळी ठेवा."